मृगाआधीचं ऑईल

शाकारणी झाली, लाकडं भरून झाली, की आमच्याकडे पावसाआधीचं एकच काम उरतं आणि ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. आज दुपारी मागच्या पडवीबाहेर बसून जनरेटरचं ऑईल बदललं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आलं. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांबही. आमच्या घरी वीज परत यायला ३४ दिवस लागले. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, विहिरीवर अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, आणि मदतीला पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर. रोज पाचेक तास चालवायचो. पेट्रोलची बाटली-बाटली जपली; ऑईलचा विचार मनात आला नाही.

नवव्या दिवशी मशीन बंद पडायला लागलं. दोरी ओढली की चालू व्हायचं आणि पाच मिनिटांत गप्प. पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल म्हणून टाकी रिकामी केली, प्लग पुसला. काही उपयोग नाही. शेवटी होडीच्या इंजिनावर काम केलेला शेजारचा मुलगा आला. त्याने झाकण फिरवून काढलं, त्याला असलेली ऑईल मोजायची दांडी पुसली, बुडवली आणि मला दाखवली. टोकाला जेमतेम काळा थेंब. "वहिनी, मशीन तुमच्यावर उपकार करतंय. ऑईल कमी झालं की ते आपणहून बंद होतं. नाहीतर इंजिन जाम झालं असतं." त्यात आम्ही ते उतरत्या खळ्यावर ठेवलेलं, म्हणजे होतं तेही एका बाजूला गेलेलं. त्याने घरून मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० ऑईल आणून घातलं आणि त्या रात्री फ्रीज चालला.

त्याच्याकडून कळलं ते असं. या लहान इंजिनांना बहुधा ऑईल फिल्टर नसतो, पंपही नसतो. आतला दांडा फिरताना तळाचं तेल उडवतो, त्यावरच सगळं चालतं. धातूचा कीस आणि काजळी त्याच तेलात साठत जाते. बाहेर काढायची वाट एकच, ऑईल बदलणं. आमच्या मशीनच्या पुस्तकात पहिला बदल २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, असं लिहिलंय. दिवसाला ५ तास म्हणजे २० दिवसांत १०० तास भरतात. वादळाच्या दिवसांत हा हिशेब महत्त्वाचा.

आज आधी पंप जोडून दहा मिनिटं चालवलं. तेल कोमट झालं की पातळ होऊन उतरतं आणि तळचा गाळ सोबत घेऊन येतं. मग बंद करून पेट्रोलचा कॉक फिरवला, खाली कापलेला कॅन ठेवला आणि तेल काढायचा तळाचा बोल्ट सोडला. तेल काळं होतं, पण ताकासारखं पांढुरकं नव्हतं याचं समाधान वाटलं. मागे एका वर्षी तसं झालं होतं. मशीन नुसतं दोन मिनिटं चालवून ठेवायचो, इंजिन पुरतं तापायचंच नाही आणि आतला दमटपणा तेलात मिसळायचा. तेव्हापासून महिन्यातून एकदा अर्धा तास पंपाचा भार देऊनच चालवते, तेही पडवीबाहेर, उघड्यावर. धूर घरात येऊ द्यायचा नाही, यात माझी तडजोड नाही.

बोल्टला वॉशर नवा घातला. मशीन सपाट फरशीवर सरळ करून लांब नळीच्या नरसाळ्याने ६०० मिलिलिटर १०डब्ल्यू-३० ऑईल ओतलं, तोंडाच्या कडेला येईपर्यंत. दांडी आट्यात न फिरवता नुसती टेकवून पाहायची. फिरवली तर ती खोल जाते, तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि फसायला होतं. मिनिटभर चालवून पुन्हा पाहिलं. बाटलीत उरलेलं ४०० मिलिलिटर घट्ट झाकून फडताळात ठेवलं, त्या नवव्या दिवसाच्या आठवणीने.

काढलेलं तेल कॅनमध्ये भरलंय. श्रीवर्धनला जाईन तेव्हा गॅरेजवर देईन. पूर्वी वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासायचे, पण आमचे पाट विहिरीपासून पोफळींच्या बुंध्यापर्यंत जातात. त्या मातीत मी हे सांडू देणार नाही.

वहीत तारीख लिहिली, पुढे तास शून्य. सासूबाई दारातून विचारत होत्या, "झालं का गं?" म्हटलं, "झालं. एकदा दोरी तुम्ही ओढा." त्यांनी ओढली. दुसऱ्या झटक्याला लागलं.