चिऱ्याच्या भिंती आणि चाळीस मीटर तार

डिचोलीजवळचं आमचं घर जुनं. मधे राजांगण, भोवती खोल्या आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) हातभर जाड भिंती. फायबरचं कनेक्शन पडवीत आलं आणि तिथेच राहिलं. माझं काम मागच्या खोलीत. तिथे वायफायची एक दांडी, तीही मर्जी असेल तेव्हा.

म्हापशाला गेलो तर दुकानदाराने सहा अँटेनांचा राऊटर पुढे ठेवला. भुरळ पडली, खोटं कशाला बोलू! पण अँटेना कितीही असल्या तरी लहर चिऱ्यात दमणारच, त्यातही 5 गिगाहर्ट्झची 2.4 पेक्षा आधी. म्हटलं, तारच ओढू.

मग यादी आटोपशीर झाली. एका तारेच्या अनेक वाटा करणारा पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच, कॅट 6 ही नेटवर्कची केबल, तिच्या टोकांना लावायचे आरजे 45 कनेक्टर, ते दाबून बसवायचा क्रिंपर. स्विच साधाच घेतला. घरात यंत्रं चार, मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) घेऊन मॅनेज काय करणार? अंतराची काळजी नव्हती. ही केबल 100 मीटरपर्यंत चालते, मला जेमतेम 40 लागणार होती.

फसलो तो केबलमध्येच. घरी येऊन तार चाकूने खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम! दोनदा वाकवली आणि तुटली. परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "सगळे हीच नेतात हो." असतील नेत. वर पैसे घालून निव्वळ तांब्याची आणली.

कनेक्टर बसवणं मात्र संयमाचं काम. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चष्मा लावून आठही तारा रांगेत धरल्या, दाबल्या, दिवा लागला. पण संगणक वेग दाखवतो 100 मेगाबिट, हवे होते 1000! दिवसभर स्विचलाच शिव्या दिल्या. शेवटी कनेक्टर उजेडात धरला तेव्हा दिसलं, तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. 100 ला चार तारा पुरतात, 1000 ला आठही लागतात. कापून पुन्हा बसवला आणि 1000 आले.

आईच्या खोलीत वायफायसाठी जुनाच राऊटर कामाला लावला. त्याचा पत्ता बदलला, डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं त्याचं काम) बंद केलं आणि तार वॅनमध्ये (इंटरनेटच्या पोर्टात) न लावता लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टात. नव्याचे पैसे वाचले. घराबाहेरच्या मांगरापर्यंत (शेडपर्यंत) उघड्यावरून तार न्यायचा मोह टाळला. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर विजा कशा कडाडतात ते माहीत आहे. गडगडाट सुरू झाला की घरातलेही प्लग काढतो.

केबल देवाच्या खोलीतून वाशांच्या कडेने गेली आहे. चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधताना काकांनी तिच्यावरच सुपाऱ्यांचा घोस टांगला. वर मलाच विचारतात, "ही दोरी कुठून आणलीस रे? चांगली मजबूत आहे."