सूपभर भात आणि एक दाणा

गुरुजींनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून चार घड्या घातलेलं कात्रण काढलं आणि माझ्या हातात दिलं. "मॅडम, हे तुमचंच ना?"

माझंच होतं. ‘लहान धक्क्यांमुळे मोठ्या भूकंपाचा धोका टळला’ असा मथळा, खाली माझं नाव आणि ‘भूशास्त्राच्या प्राध्यापक’ अशी ओळख. घड्यांवर कागद विरत आला होता, इतक्या वेळा तो उघडून वाचला गेला होता.

फेब्रुवारी २०१९. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबरपासून जमीन हलत होती. कधी दिवसातून एकदा, कधी रात्रीतून चारदा. धक्क्याआधी सुरुंग लावल्यासारखा दणका ऐकू यायचा, कारण हे भूकंप जमिनीखाली फार खोल नव्हते. १ फेब्रुवारीला एकाच दिवसात लागोपाठ अनेक धक्के बसले आणि त्यातला सर्वांत मोठा ४.१ चा होता. त्या दिवशी घाबरून धावताना पडून एक चिमुकली मुलगी दगावली. त्यानंतर पाड्यापाड्यांवर आणखी लोक तंबूत झोपू लागले आणि शाळा झाडाखाली, मांडवात भरू लागल्या. मोबाइलवर ‘येत्या चोवीस तासांत सातचा भूकंप’ असले निरोप फिरत होते. लोकांशी बोलायला कुणीतरी जाणकार हवा म्हणून मला बोलावणं आलं आणि मी गेले. मला घेऊन जाणारे अधिकारी भले गृहस्थ होते. तीन महिने त्यांची झोप झाली नव्हती हे चेहऱ्यावर दिसत होतं. जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "मॅडम, लोक घाबरणार नाहीत एवढं बघा. मोठा होणार नाही म्हणून सांगितलंत तर बरं होईल."

मी मान हलवली. होकार दिला नव्हता, पण नकारही दिला नव्हता.

आता त्या कात्रणाचं. जानेवारीत दोन तासिकांच्या मधल्या वेळेत एका स्थानिक पत्रकाराचा फोन आला होता. मी त्याला नीट सांगितलं होतं, की लहान धक्क्यांतून खडकातला थोडाफार ताण मोकळा होतो, पण त्यावरून मोठा धक्का बसणारच नाही असं म्हणता येत नाही. त्यावर तो म्हणाला, "लोक फार धास्तावलेत हो. एका वाक्यात काही दिलासा देता येईल का?" मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ताण मोकळा होतोय, ही चांगलीच गोष्ट आहे." मथळा त्याने लिहिला हे खरं. पण ‘पण’ पहिल्यांदा मी गाळला, त्याने नंतर. आणि खरं सांगायचं तर फोन ठेवताना मला बरं वाटलं होतं, कुणाला तरी धीर दिल्यासारखं.

याहून वाईट म्हणजे हीच चूक पूर्वी कुठे, कशी झाली हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. इटलीतलं लाक्विला हे शहर. २००९ च्या सुरुवातीपासून तिथेही असेच लहान लहान धक्के बसत होते. कुणी एक तंत्रज्ञ रेडॉन वायू मोजून भूकंपाचं भाकीत करत होता, त्यामुळे लोक आणखी हवालदिल झाले होते. ३१ मार्चला सरकारी समितीची बैठक झाली. नागरी संरक्षण खात्याचे एक बडे अधिकारी दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर म्हणाले, की ऊर्जा सतत बाहेर पडते आहे, त्यामुळे परिस्थिती अनुकूलच आहे. त्या भागात जुनी रीत होती, की रात्री धक्का जाणवला तर घर सोडून चौकात, गाडीत रात्र काढायची. ६ एप्रिलच्या रात्रीही आधी लहान धक्के जाणवले, पण दिलासा मिळालेली कित्येक कुटुंबं घरातच राहिली. पहाटे साडेतीनला ६.३ चा भूकंप झाला. ३०९ माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी अशा सातजणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा जगभर ओरड झाली, की भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकताय काय! २०१४ मध्ये सहाही शास्त्रज्ञ अपिलात सुटले. अधिकाऱ्याची शिक्षा मात्र दोन वर्षांवर आली, पण कायम राहिली. वर्गात मी मुलांना नेहमी हेच समजावते, की खटल्याचा गाभा भाकिताचा नव्हता, लोकांना दिलेल्या खोट्या निश्चिंतीचा होता. आणि तीच निश्चिंती माझ्या नावाने छापून एका गुरुजींच्या पाकिटात बसली होती.

"पाड्यावर वाचून दाखवलं होतं मी," गुरुजी म्हणाले. "फार आधार वाटला लोकांना." मग त्यांनी मला एका घरी नेलं.

विटांचं घर, पण विटा मातीत रचलेल्या. मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर गेलेली, करंगळी जाईल एवढी. त्या भिंतीलगत जमिनीवर गोधड्या अंथरलेल्या होत्या. घरातली बाई तिशीची असेल. तंबूत थंडीने दोन्ही पोरांना खोकला झाला, म्हणून गुरुजींनी पेपर वाचला त्या संध्याकाळी तिने बिछाना आत आणला होता. "तूच सांगितलंस ना, आता मोठा नाही होणार?" तिने विचारलं. या भागात सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात आणि त्यात अनादर नसतो. गुरुजी संकोचले, पण मला तो ‘तू’ अगदी बरोबर जागी लागला.

म्हणजे १ फेब्रुवारीलाही ती मुलं त्याच भिंतीशी झोपली होती. भिंत पडली नाही, यात माझं काही कर्तृत्व नाही.

ठरवून आणलेलं भाषण तिथेच संपलं. शाळेच्या अंगणात शंभरेक माणसं जमली होती. मी कात्रण वर धरलं आणि म्हणाले, "हे मी बोलले होते. हे चूक आहे. मला परत घ्यायचं आहे." अधिकाऱ्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. माणसं गप्प होती. चूक आहे म्हणजे काय, हे त्यांना कळायला हवं होतं, आणि गणित फळ्यावर मांडून ते कळलं नसतं. मी पाखडायचं सूप आणि न कांडलेला भात मागितला. ज्या बाईच्या घरी गेलो होतो तीच घेऊन आली.

एक दाणा तळहातावर ठेवला. हा समजा तीनचा धक्का. चारचा धक्का म्हणजे किती? लोक म्हणाले, थोडा जास्त. मी पुढे बसलेल्या मुलांना बत्तीस दाणे मोजायला लावले. रिश्टरच्या मापात एक आकडा वाढला, की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण बत्तीस पट होते. मग पाचचा धक्का? बत्तीसाचे बत्तीस ढीग, म्हणजे हजार दाणे, एक लहान मूठ. आणि सहाचा? अशा बत्तीस मुठी. मुलं मुठी भरभरून सुपात टाकू लागली आणि मोठ्याने मोजू लागली. बत्तीसावी मूठ पडली तेव्हा सुपात पाऊण किलोच्या आसपास भात साठला होता. मी तो पहिला दाणा पुन्हा तळहातावर घेतला आणि सुपाशेजारी हात धरला.

मला पुढे बोलावं लागलं नाही. मागून एकजण म्हणाला, "असा एकेक दाणा उचलून सूप रिकामं नाही व्हायचं."

हो. हीच माझी चूक होती. लहान धक्क्यांनी ताण निघतो हे खोटं नाही, पण जो निघतो तो दाण्याएवढा. मोठ्या भूकंपाएवढी ऊर्जा जायची तर तीनचे तीसेक हजार धक्के लागतील. आणि आपल्याच राज्यात काय झालं ते समोर आहे. कोयनेला १९६२ मध्ये धरणात पाणी साठू लागलं, त्यानंतर लहान धक्के सुरू झाले, ते वर्षानुवर्षं चालले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप होऊन सुमारे १८० माणसं गेली. किल्लारीतही ३० सप्टेंबर १९९३ च्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी लहान धक्के जाणवत होते. हे मी सांगितलं, पण याची दुसरी बाजूही त्याच दमात सांगितली, कारण ती गाळली असती तर उलट दिशेने तोच गुन्हा झाला असता. अशी धक्क्यांची मालिका बहुतेक ठिकाणी मोठा भूकंप न होताच थांबते. कोयना अपवाद आहे, नियम नाही. आणि मोबाइलवर तारीख-वेळ घालून जो भूकंप सांगतो तो खोटं बोलतो, कारण जगात आजवर कुणालाही ते जमलेलं नाही.

"मग मोठा होणार का नाही?" एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं.

"मला माहीत नाही, बाबा. कुणालाच माहीत नाही."

"मग तू आलीस कशाला?"

वीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "भूकंप कधी येईल ते मला ठाऊक नाही. पण आला तर कुठलं घर पडेल ते मला दिसतं. ते दाखवायला आले." बाबा उठले आणि म्हणाले, "चल, माझं दाखवतो."

पुढचे चार तास आम्ही घरोघर फिरलो. त्या दिवसात माझ्या हातून काही कामाचं झालं असेल तर ते हे. बाबांचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या करून बांधलेल्या, त्यावर शेणमातीचा लेप. शेजारच्या विटांच्या घराकडे हात करून ते म्हणाले, "आम्ही गरीब, आमचं घर आधी पडेल." मी त्यांना भिंत हलवून बघायला सांगितली. कुड हलका असतो आणि वाकतो. हलला तर लेप गळेल, फार तर एक बाजू झुकेल, पण माणूस त्याखाली चिरडण्याची भीती फार कमी. किल्लारीत माणसं मेली ती दोन-अडीच फूट जाडीच्या, दगडमातीच्या भिंतींखाली आणि त्यावरच्या माळवदाच्या मातीखाली. बाबांना हे खरं वाटेना. आयुष्यभर त्यांना सगळ्यांनी ‘पक्कं’ घर म्हणजे सुरक्षित घर असंच सांगितलं होतं. विटांचं घरही चांगलंच, पण त्या सिमेंटमध्ये रचलेल्या हव्यात आणि दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना कवळणारा लोखंडी सळयांचा काँक्रीटचा पट्टा हवा. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच घरांना तो नव्हता.

बाकीच्या गोष्टी साध्या होत्या. जड वस्तू माळ्यावरून खाली काढा. दाराच्या वाटेत काही ठेवू नका. चीर गेलेल्या भिंतीशी झोपू नका. शाळेत भिंतीलगतचं पुस्तकांचं लोखंडी कपाट मोकळंच उभं होतं, ते अधिकाऱ्यांनी स्वतः हात लावून दारापासून दूर सरकवलं आणि खिळ्यांनी भिंतीला जखडून घ्यायला सांगितलं.

एका ठिकाणी मात्र मी अडखळले. धक्का बसला तर पळायचं की थांबायचं? पुस्तकात लिहिलेलं असतं, की पळू नका, टेबलाखाली बसा, डोकं झाका. शाळेच्या काँक्रीटच्या इमारतीत ते बरोबर आहे आणि तिथे मुलांकडून तीनदा करूनही घेतलं. पण कुडाच्या घरात टेबल कुठे असतं? दार दोन पावलांवर असेल, तर मुलाला धरून चटकन अंगणात येणं हेच शहाणपणाचं. मी तसंच सांगितलं, आणि हेही सांगितलं, की अंधारात सैरावैरा धावू नका, धावताना पडूनच एक लेकरू गेलं आहे. प्रत्येक घराला एकच उत्तर देता येत नाही, हे मी लपवलं नाही. एकजण चिडला. "एक काय ते सांग ना," म्हणाला. त्याचं चिडणं मला समजत होतं. एकच वाक्य सगळ्यांना हवं असतं, आणि तेच मी जानेवारीत देऊन बसले होते.

संध्याकाळी निघताना त्या बाईच्या घरावरून गेलो. गोधड्या पुन्हा तंबूत गेल्या होत्या. आत शेगडी पेटवायला गुरुजींनी मनाई केली होती, म्हणून तंबूच्या तळाशी भाताचा पेंढा अंथरून त्यावर बिछाने घातले होते. धाकटा खोकत होता. मी दिलासा काढून घेतला होता आणि त्याच्या बदल्यात तिला थंडी मिळाली होती. हे आजही माझ्या मनाला टोचतं. अधिकाऱ्यांनी तिथूनच फोन लावून दोन जास्तीच्या ताडपत्र्या आणि घोंगड्या मागवल्या. परतीच्या जीपमध्ये आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "मी समजत होतो, खरं सांगितलं की लोक उधळतील." एकही माणूस उधळला नव्हता.

घरी आल्यावर त्या पत्रकाराला फोन केला. दुरुस्ती छापा म्हटलं तर तो म्हणाला, "मॅडम, महिना झाला, आता त्याची बातमी होत नाही." मी रोज फोन करत राहिले. सहाव्या दिवशी आतल्या पानावर पाच ओळी आल्या. मी त्या गुरुजींना पाठवल्या. रात्री त्यांचा फोन आला. पाड्यावर वाचून दाखवल्या म्हणाले, पहिलं कात्रण जिथे उभं राहून वाचलं होतं, त्याच ओट्यावर. मग विचारलं, "मॅडम, ते जुनं कात्रण फाडू का?"

"नको," मी म्हणाले. "मला पाठवा."

आता ते माझ्या वर्गातल्या टिपणांच्या वहीत आहे, लाक्विलाच्या पानाशेजारी.