लाल दात, पांढरे दात

चिचुंद्रीची कवटी चिमट्यात आली की मी आधी दातांची टोकं बघते. पिग्मी चिचुंद्रीच्या दातांवरच्या एनॅमलमध्ये लोह असतं, त्यामुळे टोकं लालसर दिसतात. पांढरदाती चिचुंद्रीचे दात शेवटपर्यंत पांढरे. आयर्लंडमध्ये काम करताना या एवढ्याशा फरकावर माझा सगळा दिवस चालतो.

या बेटावर हजारो वर्षं चिचुंद्रीची एकच जात होती, ती म्हणजे पिग्मी. वजन जेमतेम तीन ते सहा ग्रॅम. शेजारच्या ब्रिटनमध्ये तीच पिग्मी थोरल्या कॉमन चिचुंद्रीसोबत नांदते, कारण थोरली माती उकरून गांडुळं खाते आणि धाकटी वरच्या पालापाचोळ्यात भुंगेरे, कोळी टिपते. आयर्लंडात वाटेकरीच नव्हता. मग 2007 मध्ये टिपररी आणि लिमरिक भागांत गव्हाणी घुबडांच्या पेलेट्समध्ये (न पचलेली हाडं आणि केस ओकून टाकलेल्या गोळ्यांमध्ये) युरोपातल्या पांढरदाती चिचुंद्रीच्या कवट्या निघाल्या. ही पिग्मीच्या दुपटीहून जड.

त्या दिवशी माझ्यापुढे एका ओस पडलेल्या दगडी इमारतीतले पेलेट्स होते. घुबडाची तिथली बैठक जुनी, जमीन कोरडी, त्यामुळे बराच साठा टिकला होता. सहकाऱ्याने तळातले आणि वरचे पेलेट्स वेगळ्या पिशव्यांत भरले होते. मी तळापासून सुरुवात केली. भिजवायचं, केस सोडवायचे, जबडे बाजूला काढायचे. उंदरांच्या जबड्यांमध्ये अधूनमधून बारीक, लाल टोकांचे जबडे येत होते. वरच्या पिशवीत ते थांबले. सगळे चिचुंद्रीचे जबडे मोठे आणि पांढऱ्या दातांचे. एखादा तरी लाल दात दिसेल म्हणून गाळणीतला चुरा मी मायक्रोस्कोपखाली पुन्हा पाहिला. नव्हता. एका जातीचं त्या परिसरातून जाणं माझ्या टेबलावर दोन ट्रेमध्ये मांडलेलं होतं, आणि मला खरोखर गलबलून आलं.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी मात्र लगेच विचारलं, "घुबडाने मोठी शिकार निवडली नसेल कशावरून?" प्रश्न रास्त होता. घुबडाला जड घास सापडला तर ते हलक्यामागे कशाला लागेल? शिवाय असल्या साठ्यात थर थोडेफार मिसळतातच. म्हणून आम्ही त्याच परिसरात कुंपणांच्या झुडपांच्या कडेने जिवंत पकडणारे सापळे लावले. सापळ्यांतही पिग्मी आली नाही. आयर्लंडमधल्या प्रकाशित अभ्यासांतही हेच चित्र आहे: पांढरदाती जिथे स्थिरावली, तिथून पिग्मी नाहीशी झाली.

मला हे प्रकरण इतकं मोलाचं का वाटतं, ते सांगते. 1975 मध्ये परिसंस्थाशास्त्रज्ञ जॅरेड डायमंड यांनी न्यू गिनीलगतच्या बेटांवरचे पक्षी पाहून मांडलं, की काही सारख्या जाती एकाच बेटावर कधीच भेटत नाहीत आणि त्यामागे स्पर्धा आहे. 1979 मध्ये कॉनर आणि सिंबरलॉफ या संशोधकांनी आक्षेप घेतला: असा नकाशा निव्वळ योगायोगानेही तयार होऊ शकतो. वाद रेंगाळला, कारण बेटावर जात नसली तर ती तिथे पोहोचलीच नाही की हुसकली गेली, हे आजच्या नकाशावरून कळत नाही. आयर्लंडमध्ये आधी कोण होतं, नंतर कोण आलं आणि त्यानंतर कोण गेलं, हा क्रम आपल्याला माहीत आहे. असं क्वचित मिळतं.

एक कोडं उरतंच. ब्रिटनमध्ये थोरलीशी जमवून घेणारी पिग्मी इथे का हरते? माझ्या मते खाण्याची जागाच एक पडते. पांढरदातीही जमिनीच्या वरच्या थरात किडे शोधते, त्यामुळे ब्रिटनमध्ये थोरली गांडुळांकडे वळल्याने पिग्मीला जो वरचा वाटा मोकळा मिळतो, तो इथे उरत नाही. पण हे ठामपणे म्हणायला दोघींच्या आहाराची तुलना हवी, आणि तीही पिग्मी अजून शिल्लक आहे अशा सीमेवर. ती सीमा सरकते आहे, म्हणून घाई आहे. किनाऱ्यालगतच्या ज्या लहान बेटांवर अजून एकटी पिग्मीच राहते, तिथे पांढरदाती लपून पोहोचू नये म्हणून जाणारा चारा आणि सामान बोटीत चढवण्याआधी तपासलं जावं, असा आग्रह आम्ही आतापासूनच धरला आहे.