तुम्ही विचारलंत म्हणून : ते यंत्र चालवलंच जात नाही

'फँटास्टिक फोर' या चार महानायकांच्या अमेरिकी कॉमिकच्या 1966 सालच्या 48, 49 आणि 50 या तीन अंकांबद्दल मी बोलायला लागले की एक प्रश्न हमखास येतो. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस पृथ्वीवर उतरतो, त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही, आणि ऐनवेळी परग्रहावरचं एक यंत्र हाती लागून गोष्ट सुटते. ही पळवाट नव्हे का?

पहिल्या वाचनात मलाही पळवाटच वाटली होती. पण या कथेतली यंत्रं आणि करामती नीट बघा. सुरुवातीलाच न्यूयॉर्कवरचं आकाश पेटतं. मग ते दगडधोंड्यांनी भरून जातं. लोक रस्त्यावर सैरावैरा पळतात. हे सगळं करतो वॉचर, विश्वातल्या घडामोडी नुसत्या बघत राहणारा परग्रहवासी. कशातही हस्तक्षेप करायचा नाही, अशी शपथ घेतलेला तो. गॅलॅक्टससाठी ग्रह हुडकणाऱ्या सिल्व्हर सर्फरला पृथ्वी दिसू नये म्हणून त्यानं आभाळच बदललं. सर्फर फसत नाही. मग गॅलॅक्टस एका इमारतीच्या गच्चीवर पृथ्वीची ऊर्जा शोषणारं अवाढव्य यंत्र जोडायला घेतो. चित्रकार जॅक कर्बीनं ते इतकं भरगच्च काढलंय की माणसं चौकटीच्या कोपऱ्यात ढकलली जातात.

आणि तुम्ही म्हणता ते यंत्र, अल्टिमेट नलिफायर? ते मुठीत मावतं. विश्व पुसून टाकू शकतं. वॉचर चौकडीतल्या तरुण जॉनी स्टॉर्मला ते आणायला थेट गॅलॅक्टसच्याच मुक्कामी धाडतो. पोरगा परततो तो भेदरलेला. आपण मुंग्या आहोत, नुसत्या मुंग्या, असं बडबडत. ते एक पान मी कितीदा वाचलं असेल!

चौकडीचा म्होरक्या रीड रिचर्ड्स ते यंत्र उगारतो, पण चालवत नाही. चालवलं तर गॅलॅक्टसबरोबर सगळंच संपणार. गॅलॅक्टसला धडकी भरते ती ते माणसाच्या हाती पडलंय म्हणून. शेवटी सौदा होतो शब्दावर: यंत्र परत द्या, मी पृथ्वी सोडतो.

त्याआधी मात्र ॲलिशिया मास्टर्स येऊन गेलेली असते. ती शिल्पकार आहे, आंधळी आहे. छतातून खाली कोसळलेल्या सर्फरपुढे ती खाणं ठेवते, तो त्याची ऊर्जा करून टाकतो. ती त्याच्याशी बोलत राहते आणि तो आपल्या धन्यावर उलटतो. लेखक स्टॅन लीच्या मूळ कल्पनेत हा सर्फर नव्हताच, कर्बीनं तो स्वतःहून काढला. तो नसता तर तुमचा आक्षेप मी मान्य केला असता.

गॅलॅक्टस शब्द पाळतो. सर्फरला मात्र पृथ्वीवरच कोंडून जातो. हे सगळं 50व्या अंकाच्या मध्यावरच आटोपतं. उरलेल्या पानांत जॉनी कॉलेजात दाखल होतो.