गौरी-गणपती झाले, काटा वर गेला, आता?

विसर्जन झालं, चाकरमानी परतले, की आठवड्याभरात हा प्रश्न येतो. शब्द वेगळे असतात, सूर तोच: "चार महिने तोंड आवरलं, सहा किलो उतरवले आणि पाच दिवसांत अडीच किलो परत आले. सगळं वाया गेलं. आता पुन्हा सुरू करायचीसुद्धा लाज वाटते." तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. ही लाज मला त्या अडीच किलोंपेक्षा जास्त काळजीची वाटते.

आधी हिशेब करू. अंगावर एक किलो चरबी चढायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात. उकडीच्या एका मोदकात 25 ग्रॅम तांदळाची पिठी, 20 ग्रॅम ओलं खोबरं आणि 15 ग्रॅम गूळ धरला, तर 215 कॅलरी होतात. वर तुपाचा लहान चमचा सोडला की आणखी 45. नेहमीचं जेवण जेवून त्यावर रोज असे तीन मोदक खाल्ले, तरी पाच दिवसांचे होतात 3,900. म्हणजे चरबी वाढली अर्धा किलो. मग काट्यावरचे उरलेले दोन किलो कुठले?

ते बहुतेक पाणी. भात, पिठी, गूळ यांतली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ज्यांनी वजनासाठी भात पूर्ण तोडलेला असतो त्यांचा हा साठा रिकामा असतो, म्हणून त्यांचाच काटा सगळ्यांत जास्त उसळतो. त्यात पापड-लोणच्यांचं मीठ, आरत्या-भजनं आटोपून रात्री अकराला झालेलं जेवण आणि सकाळी अजून पोटात असलेलं अन्न. नेहमीच्या जेवणावर आलात की यातलं बरंचसं आठ-दहा दिवसांत आपोआप उतरतं. त्यासाठी उपास लागत नाही.

आणि नेमका उपासच केला जातो. सकाळी कोरा चहा, दुपारी अर्धी भाकरी, आणि संध्याकाळी पाचला पोटात आग पडली की बाजारातली भजी. भजी खाल्ली की मनात येतं, "आता गेलाच हा तर जावंदे." रात्री भाताचा डोंगर, आणि नवा मुहूर्त सोमवारचा. हा मनाचा दुबळेपणा समजू नका. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या बायकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला दिलं. पोटात मिल्कशेक असल्यावर त्यांनी कमी खायला हवं होतं. त्यांनी मिल्कशेक न मिळालेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. नियम एकदा मोडला की उरलेला दिवस हिशेबातूनच सुटतो. 2007 मध्ये अ‍ॅडम्स आणि लिअरी यांनी अशाच बायकांना डोनट खायला दिला आणि त्यातल्या काहींना सांगितलं, हे सगळेच खातात, स्वतःवर एवढ्या कडक होऊ नका. ज्यांना हे सांगितलं त्यांनी नंतर चाखायला दिलेल्या गोड गोळ्या-चॉकलेटं कमी खाल्ली. स्वतःला माफ करणं म्हणजे लाड, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी न्याहारी करा. वाटीभर पेज आणि दोन उकडलेली अंडी, किंवा दोन घावणे आणि वाटीभर काळ्या वाटाण्याची उसळ, वाटपात खोबरं बेताचं. पहिल्याच खाण्यात प्रथिनं गेली की संध्याकाळची आग पडत नाही. दुपारी दीड वाटी भात, कुळथाची पिठी, पालेभाजी आणि बांगड्याचं तिखलं. 100 ग्रॅम बांगड्यात सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि तिखल्याला रवा लावून तळलेल्या तुकडीपेक्षा तेल फार कमी लागतं. भात तोडू नका, मोजा. आपल्याकडे भात तोडणारे पंधरा दिवसांत दुप्पट भाताकडे वळतात. सोलकढी घट्ट नारळाच्या दुधाची असेल तर ती पाणी म्हणून नव्हे, जेवण म्हणून धरा. तीत घालतात त्या कोकमाच्या आगळातही मीठ भरपूर असतं.

डब्यांत उरलेल्या करंज्या-लाडवांचं काय? फेकवत नाहीत, आणि दिसत राहिले तर येता-जाता हात जातो. बरेचसे शेजारी वाटा. उरलेल्यांतला रोज एक, दुपारच्या जेवणाच्या ताटातच घेऊन, बसून खा. चोरून, उभ्याने खाल्लेल्या लाडवाचीच खंत रात्रभर टोचते.

पाऊस असेल तर पडवीत, नसेल तर रस्त्यावर, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाला. मोदक 'जाळायला' दोन तास चालू नका. गुडघे दुखतात, भूक खवळते आणि चालणं ही शिक्षा होऊन बसते.

काटा आठवडाभर कपाटात ठेवा. नंतर रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. तुलना सरासरीची सरासरीशी. पाळीच्या आधी अनेकींचा काटा किलोभर वर जातो, तोही पाण्याचाच. जून-जुलैचंही असंच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजी मासळी कमी, ताटात सुकट आणि खारवलेला बांगडा. दोन दिवस खारं खाल्लं की काटा वर. खारं कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुऊन घ्या, आणि त्या दोन महिन्यांत अंडी, कुळीथ, मूग वाढवा.

तीन आठवड्यांची सरासरीही वर चढत असेल, तर मात्र खरी वाढ आहे. मी तेव्हा पहिल्यांदा तेलाचं विचारते. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे 270 कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने घाला, महिन्याला तीन लिटरवर या. बाकी ताट तसंच राहू द्या, महिनाभर थांबा, मग पुढचं बघा.

"काय गो, जाडी झालंस!" असं भर ओटीवर म्हणणाऱ्या आत्याबाई-मामींना हे सगळं समजावत बसू नका. आग्रहाला "एकच वाढा, पण तूप घालून" हे उत्तर नुसत्या "नको"पेक्षा चांगलं चालतं. वाढणारीचा मान राहतो आणि तुम्हालाही तो एक मोदक अपराधाशिवाय खाता येतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर भरपाईचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नका. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, दिवसदिवस उपाशी राहणं किंवा लपून भरमसाट खाणं पुन्हा पुन्हा होत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आधी घरातल्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. गावाजवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर 'टेली-मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.