पिवळा गोल

काल पाऊस पडून गेल्यावर बँकॉकमधल्या आमच्या गल्लीतल्या विहाराच्या अंगणात ते पिवळे गोल पुन्हा दिसले. २०२०मध्ये, कोरोनाच्या साथीत, माणसांत अंतर राहावं म्हणून आखलेले. त्यातल्या एका गोलात मी अन्नछत्राचा डबा घ्यायला उभा होतो, हे घरी अजून सांगितलेलं नाही.

त्या वर्षी २५ मार्चला थायलंडच्या संघराजांनी, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बौद्ध भिक्षूंनी, रतनसुत्ताचं पठण केलं. बुद्धाच्या काळी वैशालीत दुष्काळ आणि रोगराई होती तेव्हाचं हे पाली भाषेतलं सुत्त, अशी परंपरा. मी थाई मैत्रिणीला म्हटलं, "विषाणूला पाली कळतं का गं?" ती हसली नाही. तीनच दिवसांपूर्वी आपल्याकडे थाळ्या वाजल्या होत्या. ते मी तिला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये रात्री १० ते पहाटे ४ संचारबंदी लागली. भिक्षू सकाळी फेसशील्ड लावून पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला, निघत, पण वाढणाऱ्यांचीच कामं गेलेली. संघराजांनी विहारांना अन्नछत्रं उघडायला सांगितलं होतं. इथे त्याला 'रोंग थान' म्हणतात; थान म्हणजे आपलं दान. रोज पात्र पुढे करणाऱ्यांच्या दारात आता गल्ली रांगेत उभी.

मी फक्त बघायला गेलो होतो. (पगार अर्धा झाला होता, पण उपाशी नव्हतो.) मागच्या आजींनी मला पुढच्या गोलात ढकललं आणि माझ्या हातात रबर लावलेला डबा आला. भात, वर तळलेलं अंडं. पासपोर्ट नाही, नाव नाही, कुठला म्हणून विचारणं नाही. फ्लेक्सही नाही! आपल्याकडे दोन पुऱ्या वाटल्या तरी मागे साहेबांचा हसरा फोटो लागतो. मी त्या अंगणात सवयीने फोटो शोधत होतो, अगदी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपर्यंत.

तसं आपणही काही कमी केलं नाही. माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, भीमजयंती लोकांनी घरात केली. आणि इथेही सगळे शहाणे नव्हते. मार्चमध्ये लुम्पिनीच्या मुष्टियुद्धाच्या स्टेडियममधून साथ पसरलीच होती. पण बँकॉकशेजारच्या समुत प्राकान प्रांतातल्या 'वाट चाक डेंग' या विहारात, जिथे प्लास्टिकच्या बाटल्यांपासून चीवरं (भिक्षूंची वस्त्रं) होतात, तिथे त्याच कापडाचे मास्क शिवायला घेतले, हे ऐकल्यावर मी पुढचा मुद्दा गिळला.

डबा मी जिन्यात बसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी हिशेब फेडायला ३० अंड्यांचा ट्रे घेऊन गेलो. स्वयंपाकघरातल्या बाईंनी तो ठेवून घेतला, हात जोडले आणि मला आणखी एक डबा दिला.