करून बघ म्हणणारे सर

नववीत सायन्सच्या सरांनी एका हातात जाडजूड पुस्तक आणि दुसऱ्या हातात वहीचं पान धरून विचारलं, आधी काय पडेल? पुस्तक! का? जड आहे म्हणून. सगळा वर्ग एका सुरात. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, सर, मला नाही वाटत वजनामुळे. वर्ग हसायला लागला, सरांनी सगळ्यांना गप्प केलं आणि तिला पुढे बोलावून एवढंच म्हणाले, करून बघ. तिने पान पुस्तकावर नीट बसवलं, कुठूनही बाहेर येणार नाही असं, आणि सोडलं. दोन्ही एकदमच खाली! मग त्याच पानाचा घट्ट बोळा करून पुस्तकाशेजारी धरून सोडला, तरी जवळपास बरोबरच. वजन तेवढंच होतं, हवेचा अडथळा फक्त कमी झाला होता. जड वस्तू जास्त वेगाने पडते हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं लोकांनी जवळजवळ दोन हजार वर्षं धरून ठेवलं हे सरांनी नंतर सांगितलं, आणि बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असंही त्यानेच लिहून ठेवलंय म्हणे. एवढा मोठा विचारवंत, पण दात मोजूनच बघावे लागतात ना.

पुढे कॉलेजला सायकॉलॉजीत सॉलोमन ॲश यांचे 1950 च्या दशकातले प्रयोग वाचले तेव्हा मला तो तास आठवला. दाखवलेल्या रेघेएवढी रेघ तिनातून ओळखायची, एकट्याला विचारलं तर सहसा कोणी चुकत नाही, पण खोलीतले बाकीचे सगळे ठरवून एकच चुकीचं उत्तर द्यायला लागले की त्या बिचाऱ्याचंही साधारण तिनातलं एक उत्तर त्यांच्यासारखंच चुकायचं. आणि त्या बाकीच्यांपैकी फक्त एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी हे वाहवत जाणं एकदम कमी व्हायचं. फक्त एकाने!

1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम 19 मध्ये स्वतःचं मत बाळगायचं आणि मांडायचं स्वातंत्र्य दिलंय, पण शाळकरी मुलापर्यंत ते पोचतं की नाही हे वेगळं उत्तर ऐकल्यावर शिक्षकांचा चेहरा कसा होतो त्यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

आता उगाच विरोधाला विरोध म्हणजे स्वतंत्र विचार नाही, हे आमच्या मराठीच्या बाईंनी शिकवलं. वादविवाद स्पर्धेच्या तयारीत त्या अचानक बाजू बदलायला लावायच्या, आणि समोरच्याची बाजू अशी मांडायची की त्यालाच वाटलं पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. हे फार अवघड आहे, आज मोबाईलवर आलेला प्रत्येक मेसेज न वाचता पुढे ढकलताना तर कोणी करतच नाही.

म्हणून आत्ताच्या शिक्षकांना एक विनंती, प्रत्येक पेपरात एक तरी प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर गाइडमध्ये सापडणार नाही, मुलांनी कुठलीही बाजू घ्यावी आणि मार्क फक्त कारणांना द्यावेत. तपासायला वेळ लागेल, पण तेवढं कराच.